पूर्ण गुण, पण पडवी म्हणजे काय?

पत्राचा सारांश: पिंपरी-चिंचवड परिसरातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सातवीला मराठी शिकवणाऱ्या शिक्षिकेचं हे पत्र आहे. वर्गात ४२ मुलं. त्यातल्या ११ जणांच्या घरी मराठी बोलतात, बाकीच्यांच्या घरी हिंदी, तेलुगू, कन्नड किंवा ओडिया. काही मुलं दोनच वर्षांपूर्वी महाराष्ट्रात आलेली. आकलनासाठी बाई जुन्या, नावाजलेल्या लेखकांचे ललित उतारे निवडतात. त्या लिहितात, ‘मुलं उत्तरं बरोबर लिहितात, पण तोंडी विचारलं की गप्प. मुख्याध्यापक म्हणतात, सोपे उतारे द्या. एक सहकारी म्हणतात, इंग्रजी उतारे संगणकावर भाषांतर करून घ्या. सोपं दिलं की मराठी घरातली मुलं कंटाळतात आणि मलाही अपराधी वाटतं, की चांगली मराठी यांच्या कानावर पडणार कधी? अवघड दिलं की बाकीची मुलं माझ्या तासाला घाबरतात. उतारे निवडायचे तरी कोणत्या मापानं?’

प्रिय ताई,

‘मुलं उत्तरं बरोबर लिहितात, पण तोंडी विचारलं की गप्प’ हे वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. मी मात्र तिथेच थांबले. कारण माप कोणतं लावायचं हा प्रश्न नंतरचा. आज जे मोजलं जातंय ते आकलन आहे का, हे आधी पाहायला हवं.

हा उतारा वाचा: ‘काल संध्याकाळी एक झंबुळा टिमरीच्या गुंभटावर खुळमत होता. त्याची चिरवडी भुंगटली होती, म्हणून तो सारखा धिसकत होता.’ आता प्रश्न. झंबुळा कुठे खुळमत होता? तो का धिसकत होता? तुम्ही दोन्ही उत्तरं पूर्ण वाक्यात, शुद्ध लिहाल. टिमरीच्या गुंभटावर. चिरवडी भुंगटली म्हणून. चारपैकी चार गुण. यातला एकही मुख्य शब्द मराठीत नाही, मी ते आत्ताच रचले. तुमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांना तुमचे सुंदर उतारे असेच दिसत असतील. ‘कुठे’ म्हटलं की ‘-वर’ किंवा ‘-त’ लागलेला शब्द शोधायचा, ‘का’ म्हटलं की ‘म्हणून’च्या आधीचं उचलायचं. हुशार मुलं ही रीत चार-सहा महिन्यांत आत्मसात करतात, आणि मराठी समजत नाही हे झाकायला ती वर्षानुवर्षं पुरते.

मला हे एका मुलानं शिकवलं. मी सहावीला शिकवत होते. उताऱ्यात कोकणातलं घर होतं, पावसाळ्याचे दिवस होते. प्रश्न होता, ‘आजी कुठे बसली होती?’ तेलुगू घरातल्या त्या मुलानं सुरेख अक्षरात लिहिलं होतं, ‘आजी पडवीत बसली होती.’ मी बरोबरची खूण केली. वही परत देताना सहज विचारलं, ‘पडवी म्हणजे काय रे?’ तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘बाई, झोपाळा?’ त्याचा अंदाज वाईट नव्हता. आजी झोपाळ्यावर बसते, हे त्यानं कुठेतरी पाहिलं असणार. पण त्याच्या मनात जे घर उभं राहिलं होतं त्यात पडवी नव्हती, पागोळ्या नव्हत्या, वाळत घातलेले कपडे घाईनं आत ओढणारी काकू नव्हती. मग मी बाकाबाकावरून तोच प्रश्न विचारत गेले. मराठी घरातल्या नऊ मुलांपैकी पाच जणांनाही पडवी माहीत नव्हती. ती सगळी इमारतींत वाढलेली मुलं होती.

म्हणून तुमच्या पत्रातल्या एका गृहीताबद्दल विचारते. सोपेपणा आणि अवघडपणा उताऱ्यातच असतो, असं तुम्ही धरून चालला आहात. मला वाटतं तो उतारा आणि मूल यांच्या मधल्या अंतरात असतो. १९८८ साली डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या अमेरिकी संशोधक बाईंनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं त्यात वाचनात पक्क्या पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या खूपच पुढे गेली. विषय मुरलेला असेल तर भाषेतल्या खाचखळग्यांवरून मूल उडी मारून जातं. विषयच परका असेल तर सपाट रस्त्यावरही ठेचकाळतं.

तुमच्या वर्गात क्रिकेटचं वर्णन देऊन बघा. ‘चेंडू टप्पा पडल्यावर आत वळला, फलंदाजाची बॅट आणि पॅड यांच्यात फट राहिली होती आणि यष्ट्या उडाल्या.’ ‘फट’ आणि ‘यष्ट्या’ हे शब्द त्या मुलांनी कधी ऐकले नसतील, पण काय झालं ते त्यांना कळेल आणि शब्दही तिथल्या तिथे त्यांचे होतील. जगन्नाथाच्या रथयात्रेवर मराठीत पानभर मजकूर द्या. ओडिया घरातलं मूल त्या दिवशी पहिल्यांदा हात वर करेल, कारण रथ कुणाकुणाचे, दोर कोण ओढतं, हे त्याला बाकीच्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यानंतर वारीवरचा मजकूर दिलात, तर त्याच मुलाला पालखी, दिंडी, मुक्काम हे शब्द अधांतरी वाटणार नाहीत. ओळखीच्या विषयात नवी भाषा, मग ओळखीच्या भाषेत नवा विषय, असं आलटून पालटून जायचं. दोन्ही एकदम अनोळखी असले की त्याचा झंबुळा होतो.

आता शब्दांचं माप. मी जे झंबुळ्याचं केलं, तेच काटेकोरपणे मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी २००० साली इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढांवर करून पाहिलं होतं. गोष्टीतले काही शब्द काढून तिथे निरर्थक शब्द घातले. शंभरात वीस शब्द अनोळखी होते तेव्हा कुणालाही गोष्ट पुरेशी समजली नाही. पाच अनोळखी असतानाही बहुतेक जण अडले. कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं तर शंभरात दोनच अनोळखी शब्द चालतात, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे दीडशे शब्दांच्या उताऱ्यात तीन! तुमचा सध्याचा एखादा उतारा काढा, वर्गातल्या मधल्या फळीतल्या पाच मुलांना पेन्सिल द्या आणि न कळणाऱ्या शब्दाखाली रेघ मारायला सांगा. गुण नाहीत, नाव लिहायचं नाही. रेघा मोजा. बहुधा तुम्हाला धक्का बसेल, पण अंदाजानं निवडण्यापेक्षा हे बरं.

हा आकडा इंग्रजीवरून आलेला आहे, मराठीत मोजताना जरा वेगळं भान ठेवावं लागतं. आपल्याकडे शब्द एकटा येत नाही. ‘तळं’ माहीत असलेलं मूल ‘तळ्याकाठच्यांनाही’ या शब्दापाशी अडतं. शब्दकोशात हा शब्द त्याला सापडणार नाही, कारण आधी सामान्यरूप (‘तळं’चं ‘तळ्या’) ओळखायचं, मग ‘काठ’, मग ‘-च्या’, मग ‘-ना’, मग ‘-ही’ सोडवायचं. पाणी-पाण्यात, डोळा-डोळ्यांत, मूल-मुलाला ही वळणं आपल्याला दिसतसुद्धा नाहीत, इतकी ती आपल्या अंगवळणी पडली आहेत. त्यामुळे उतारा चाळताना नुसते ‘कठीण शब्द’ बघू नका, लांब झालेले सोपे शब्दही बघा. शिवाय वेगवेगळ्या घरची मुलं वेगवेगळ्या ठिकाणी अडतात. ‘रमेशनं चिंच खाल्ली’ हे हिंदी बोलणाऱ्या मुलाला सहज जातं. तेलुगू-कन्नड मुलाला क्रियापद चिंचेच्या मागे का गेलं ते कळत नाही, आणि खाणारी कुणी मुलगी असावी असं वाटतं. उलट ‘काल बाजारातून आणलेली भाजी’ ही रचना तेलुगू-कन्नड मुलाच्या घरातलीच आहे, तिथे हिंदी मूल ‘जी भाजी काल आणली ती’ असं मनात उलगडत बसतं. आणि हिंदी मुलांसाठी ओळखीचा चेहरा घेऊन येणारे परके शब्द वेगळेच. ‘त्याला शिक्षा झाली’ म्हणजे तो शिकला, ‘खाली बघ’ म्हणजे काहीतरी रिकामं आहे, ‘तिचा संसार छोटा होता’ म्हणजे तिचं जग छोटं होतं. या शब्दांखाली मूल रेघ मारणार नाही, कारण आपल्याला ते कळलं असंच त्याला वाटतं. हे तुम्हालाच आधी हेरावे लागतील.

आता तुमच्या अपराधी वाटण्याबद्दल. ‘चांगली मराठी कानावर पडणार कधी’ असं तुम्ही लिहिलंत, आणि उत्तर त्याच वाक्यात आहे: कानावर. तुमच्या आवडीचे ललित उतारे सोडू नका, फक्त ते मुलांच्या हातात प्रश्नांसकट देऊ नका. वाचून दाखवा. आठवड्यातली पंधरा मिनिटं, खाली एकही प्रश्न नाही, वहीत एकही ओळ नाही. तुमचा आवाज, थांबणं, हातवारे, मध्येच ‘पडवी म्हणजे घराच्या पुढची किंवा बाजूची उतरत्या छपराची जागा’ म्हणून फळ्यावर काढलेल्या चार रेघा, एवढ्या आधारावर मूल कितीतरी वरच्या पातळीची भाषा झेलतं. तोच मजकूर एकट्यानं, घड्याळ लावून, गुणांसाठी वाचायचा म्हटला की त्याचा कस लागत नाही, फक्त दम निघतो. ऐकायचा मजकूर, शिकत वाचायचा मजकूर आणि परीक्षेचा मजकूर हे तीन वेगळे ठेवा. तुमची बरीचशी ओढाताण या तिन्हींसाठी एकच उतारा शोधण्यातून आली आहे, असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं.

एक विनंती मात्र आग्रहानं करते. चांगल्या लेखकाचा उतारा ‘सोपा करून’ देऊ नका. त्याची वाक्यं तोडली, शब्द बदलले की जे उरतं ते ना त्याचं असतं ना मुलांच्या उपयोगाचं. मुलांना सोपं हवं असेल तर मुळात साधं लिहिलेलं शोधा किंवा स्वतः लिहा.

भाषांतरित उताऱ्यांबद्दल तुमच्या सहकाऱ्यांशी मी सहमत नाही. यंत्रानं तयार केलेला मजकूर व्याकरणात चुकेलच असं नाही, पण ‘तिने तिचे हात तिच्या खिशात घातले’ असं मराठीत कुणी म्हणत नाही. ‘तिनं हात खिशात घातले’, संपलं. ‘ते एक शिक्षक आहेत’ असंही आपण म्हणत नाही, ‘ते शिक्षक आहेत’ म्हणतो. ज्या मुलांना मराठीचं दुसरं माप घरी मिळत नाही, त्यांच्या कानात हेच वळण बसतं. कुठलाही उतारा, मग तो माणसानं लिहिलेला असो वा यंत्रानं, आधी मोठ्यानं वाचा. जिथे जीभ अडखळेल तिथे कारण शोधा.

स्वतः लिहायचं म्हणजे फार मोठं काही नाही. हा बघा, तुमच्यासाठी लिहिलेला एक तुकडा:

‘सायली दारात आली. आजीनं तिच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता गॅसवर आधण ठेवलं. “आलं जरा जास्तच टाक,” सायली म्हणाली आणि शिंकली. आजीनं दोरीवरचा पंचा ओढून तिच्या डोक्यावर टाकला. “आईला सांगू नकोस हं.” आजी हसली. “शाळेतून अशी आली की तुझी आईही मला म्हणायची, बाबांना सांगू नकोस.”’

शब्द चाळीसच्या आसपास. दोन-तीन अनोळखी असतील: आधण, पंचा, कदाचित आलं. आता प्रश्न बघा. बाहेर काय चाललं होतं? (पाऊस हा शब्द उताऱ्यात नाही.) आजी काय करत होती? (चहाही नाही.) ही आजी सायलीच्या आईची आई की बाबांची? कशावरून? आणि आईला काय सांगायचं नाहीये? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ओळ उचलून देता येत नाही, आणि तरी भाषा पाचवीच्या मुलालाही झेपेल. शेवटच्या प्रश्नावर वर्गात वाद होतील. मुद्दाम भिजली, छत्री विसरली, खेळत बसली, काहीही. ‘कशावरून?’ एवढं विचारत राहा. उतारा सोपा असला म्हणून हलका होत नाही, हे मुख्याध्यापकांना दाखवायला हा तुकडा न्या हवं तर.

तुमची ११ मराठी मुलं कंटाळतात ती भाषा सोपी म्हणून नव्हे, उचलून लिहायचे प्रश्न त्यांच्यासाठी काहीच उरवत नाहीत म्हणून. आजीच्या जागी आजोबा असते तर काय बोलले असते, हाच प्रसंग सायलीनं मैत्रिणीला कसा सांगितला असता, हे त्यांना लिहू द्या. उतारा सगळ्यांना एकच, काम वेगळं. वर्गाचे दोन गट पाडून दोन वेगळे उतारे वाटू नका. कुणाला ‘सोपा’ मिळाला हे मुलांना कागद हातात पडायच्या आधी कळतं.

मजकूर कुठून आणायचा हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळ्यांचाच तो प्रश्न असतो. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. या वयासाठी मुळातून मराठीत लिहिलेला इतका मजकूर एका जागी मला दुसरीकडे मिळाला नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५पासून मुक्त परवान्याच्या गोष्टी आहेत, छापून वाटता येतात आणि चार पातळ्यांत लावलेल्या असतात. मात्र त्यातल्या कितीतरी गोष्टी भाषांतरित आहेत, तेव्हा मोठ्यानं वाचायचा नियम तिथेही लावा. आणि पहिल्या पातळीचं चित्रांचं पुस्तक सातवीच्या मुलाच्या हातात देऊ नका. भाषा त्याच्या बेताची असली तरी तो बारा वर्षांचा आहे, आणि शेजारच्या बाकावर कोण बघतंय याची त्याला काळजी असते. मराठी विश्वकोशाच्या नोंदी मात्र मी मुलांना थेट देत नाही. त्या शिक्षकानं वाचाव्यात आणि त्यातून आपल्या शब्दांत दहा ओळी लिहाव्यात, यासाठी उत्तम.

मुख्याध्यापकांकडे जाताना ‘सोपे की अवघड’ या वादात शिरू नका. एवढंच मागा, की चाचणीतला उतारा न पाहिलेला असेल, पण विषय वर्गात बोलून झालेला असेल. पावसाळ्यावर तीन आठवडे वाचलं, ऐकलं, बोललं, तर परीक्षेत पावसावरचाच नवा मजकूर. २०२०च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची केली, त्यामुळे तुमच्यासारखे वर्ग आता जागोजागी आहेत. सक्तीनं मूल वर्गात येऊन बसतं. त्यापुढचं सगळं त्याच्या समोर ठेवलेल्या त्या पानावर अवलंबून आहे, म्हणून मी एवढं सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात कुठून करायची? येत्या सोमवारी पाण्याच्या सूचनेपासून करा. ‘गुरुवारी संध्याकाळचा पाणीपुरवठा बंद राहील. शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल. नागरिकांनी पाण्याचा पुरेसा साठा करून ठेवावा.’ अशी सूचना तुमच्या मुलांच्या सोसायटीच्या फलकावर अधूनमधून लागतेच. आपल्या घरी कुणी, कधी, काय भरून ठेवायचं, ते प्रत्येकानं सांगायचं, मराठीत, मोडकं असलं तरी चालेल. ‘ठेवावा’मधला तो ‘-वा’ विनंतीचा आहे की हुकमाचा, यावरही बोलता येईल. आणि संध्याकाळी ती सूचना घरी आईला वाचून दाखवायची, तिच्या भाषेत समजावून सांगायची. दुसऱ्या दिवशी वर्गात एकच प्रश्न विचारा: आईनं काय विचारलं?